पाच बॉडचे नमस्कारचमत्कार

रविवार, रात्री उशिरा

गाडीच्या एंजिनच्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीयूशी, लॅपटॉपवरून बोलणारा प्रोग्राम लिहितोय. त्यासाठी दुपारभर पार्किंगमध्ये गाडीतच बसून होतो. चावी ऑनवर, मांडीवर लॅपटॉप, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात केबल. वॉचमनकाकांनी शेवटी विचारलंच, "बॅटरी उतरली का, साहेब?"

गाडी जुनी. नव्या गाड्यांतलं कॅन-बिन नेटवर्क काही नाही, सगळा कारभार सात नंबरच्या पिनेवर, एका तारेवर. ईसीयूला आधी 33 हा हेक्स (सोळाच्या पटीतला) पत्ता द्यायचा, तोही सेकंदाला पाच बिट, म्हणजे पाच बॉड, या गतीनं. म्हणजे एकेक बिट 200 मिलिसेकंद! लिनक्सचा सीरियल पोर्ट माझ्या केबलवर इतका हळू चालतच नाही. मग 'फ्रीडायग' या गाड्या तपासायच्या मुक्त प्रोग्रामचा कोड वाचला. त्यांनी पोर्टचा ब्रेक सिग्नल चालू-बंद करून बिट हातानं काढलेत. अस्सल जुगाड, आणि काय देखणा! तसंच केलं.

ईसीयूकडून 55 आलं. मागोमाग 08 08. आता दुसऱ्या 08 चे सगळे बिट उलटे करून, म्हणजे F7, 25 ते 50 मिलिसेकंदांच्या आत परत पाठवायची. लवकर नाही, उशिरा नाही. केबलमधली यूएसबी चिप आलेला डेटा 16 मिलिसेकंद अडवून धरत होती. ते 1 वर आणलं तेव्हा कुठे CC, म्हणजे 33 चं उलटं, उमटलं. गाडी बोलायला तयार!

एंजिन सुरू करून 01 0C, म्हणजे एंजिनचे फेरे किती, ते विचारलं. उत्तरात 41 0C 0D 20. 0D20 म्हणजे 3360, भागिले चार, 840 आरपीएम. काटाही तिथेच.

त्याच सॉकेटात लावायचा स्वस्तातला ब्लूटूथ डबा हे सगळं आपोआप करतो, मान्य. पण तो गप्प बसला की का बसला ते कळत नाही, आणि मला नेमकं तेच बघायचंय. शिवाय ओबीडीच्या, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष सांगण्याच्या, नियमात येतो तो फक्त प्रदूषणाशी संबंधित भाग. एबीएस, एअरबॅग ही कंपन्यांची खासगी बोली, आणि ती ऐकायला लागणारा स्कॅनर छोट्या गॅरेजवाल्याला परवडत नाही. आमचे गॅरेजवाले दादा अजून कानावर चालतात. "मिसिंग मारतेय, दोन नंबरची कॉइल बघा," म्हणतात, आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर हे फुकट चाललं पाहिजे, एवढंच डोक्यात आहे.

पाच सेकंद काही विचारलं नाही की ईसीयू बोलणं तोडतो, पुन्हा पहिल्यापासून नमस्कार. मध्ये मध्ये "आहेस ना?" विचारत राहणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचा बाजूला चालणारा तुकडा, लिहायला घेतलाय. उद्या ऑफिस आहे, पण तेवढा संपवूनच झोपतो.