दिवे बंद, तरी तारेत तेवढाच करंट

इंजिनाचं डाव्या बाजूचं कव्हर काढलं आणि जळक्या वार्निशचा वास नाकात शिरला. स्टेटर म्हणजे फिरत्या चुंबकापासून वीज बनवणाऱ्या कॉइलींचं स्थिर कडं. त्याच्या खालच्या, तेलात भिजणाऱ्या कॉइली तपकिरी झाल्या होत्या. वरच्या मात्र पार काळ्या पडलेल्या. गाडी म्हणजे जुनी, चार सिलिंडरची मोटरसायकल, मालकांनी जिवापाड जपलेली. तक्रार नेहमीचीच: बॅटरी उतरते, स्टार्टर मान टाकतो. पण हा स्टेटर फार जुना नव्हता. आधीचा जळाला म्हणून नवा बसवलेला, आणि तोही जळाला.

"अरे, मी हेडलाइट एलईडी करून घेतला. लोड कमी केला, तरी कॉइल जळते कशी?" काकांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पुन्हा नवा स्टेटर लावतात आणि गाडी देऊन टाकतात. माझ्या मते जळालेला स्टेटर हा पुरावा असतो. तो का जळाला ते शोधलं नाही, तर नवाही त्याच वाटेने जातो.

कव्हर उघडण्याआधी मी बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून घेतली होती. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंही माप खोटं बोलतं. चार्ज करून थोडा वेळ ठेवल्यावर १२.७ व्होल्ट आले, म्हणजे बॅटरी ठीक. मग स्टेटरच्या तीन पिवळ्या तारा रेग्युलेटरपासून (स्टेटरची एसी वीज डीसी करून व्होल्टेज आवरणारं युनिट) सोडवल्या आणि ५००० आरपीएमवर जोडीजोडीने एसी व्होल्टेज मोजलं. एका जोडीत ६० व्होल्ट, उरलेल्या दोन्हींत जेमतेम ३६. तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. दोन कमी आणि एक बरोबर, याचा अर्थ त्या दोन्ही जोड्यांत सामाईक असलेला फेज, म्हणजे त्या तारेचा कॉइलींचा गट, शॉर्ट आहे. इंजिन बंद करून त्याच तारेपासून बॉडीपर्यंत रेझिस्टन्स पाहिला, तर मीटरने काही ओहम दाखवले. तिथे सर्किट पूर्ण उघडं दिसायला हवं. कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्स ओहमच्या काही दशांशांइतकाच असतो. साध्या मल्टिमीटरच्या प्रोबच्या तारांचाच तेवढा भरतो, म्हणून त्या मापावर मी निर्णय घेत नाही. बॉडीला लागलेली कॉइल मात्र लपत नाही.

नवा स्टेटर बसवला. जुना रेग्युलेटर मुद्दाम तसाच ठेवला, कारण मला गुन्हा घडताना पाहायचा होता.

गाडी चालू केली. ५००० आरपीएमला रेग्युलेटरच्या तोंडाशी १४.३ व्होल्ट, बॅटरीच्या टोकांवर १३.१. मधले १.२ व्होल्ट वायरिंग गिळत होतं. मीटरचा एक प्रोब रेग्युलेटरच्या पॉझिटिव्हला आणि दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावला: ०.७. निगेटिव्हच्या बाजूला तसंच केलं: ०.५. दोन्ही बाजूंना ०.२ च्या वर गेलं की मी वायर तपासायला घेतो. तारेतून जवळपास ११ अँपिअर वाहत होते, म्हणजे नुसत्या जोडांमध्येच १३ वॅटच्या आसपास उष्णता. तारा जोडणारा कपलर उघडला तर पिवळ्या तारांच्या पिनांभोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. अर्थिंगची तार चेसीच्या ज्या बोल्टला होती, तिथे रंगाखाली गंज.

एवढ्याने बॅटरी का उतरते ते कळलं. स्टेटर का जळतो, ते अजून कळायचं होतं.

तार न तोडता करंट मोजणारा क्लॅम्प मीटर एका पिवळ्या तारेभोवती अडकवला. इथे ट्रू आरएमएस, म्हणजे वेड्यावाकड्या लहरींचाही खरा आकडा देणारा, मीटरच लागतो. रेग्युलेटरने तोडलेल्या लहरी साधा मीटर नीट वाचत नाही. दिवे चालू असताना आकडा १९ अँपिअर. मग काकांना म्हटलं, "आता हेडलाइट बंद करा." त्यांनी केला. बॅटरीकडे जाणारा करंट उतरला, पिवळ्या तारेतला मात्र १९ वरच राहिला. काका वाकून मीटरकडे बघत होते. त्यांनी स्वतः दोन-तीनदा दिवा लावला, बंद केला. "मग माझ्या एलईडीचा फायदा काय?"

स्टेटरला त्याचा काहीच फायदा नव्हता. जुन्या गाड्यांत बहुधा शंट पद्धतीचा रेग्युलेटर असतो. परमनंट मॅग्नेटचा रोटर फिरला की वीज तयार होणारच, ती कमी करायला काही बटण नाही. बॅटरी आणि दिव्यांची गरज भागून व्होल्टेज वर चढू लागलं की शंट रेग्युलेटर स्टेटरच्या तारा आतल्या आत शॉर्ट करतो. व्होल्टेज आटोक्यात राहतं, पण तो शॉर्टचा करंट स्टेटरच्याच कॉइलींतून फिरत राहतो. पंप अखंड चालू ठेवून टाकीचं वरून वाहणारं पाणी पुन्हा विहिरीत सोडावं, तसं हे आहे: टाकी सुरक्षित, पंपाला विश्रांती नाही. लोड कमी केला की शॉर्टचा वेळ वाढतो, एवढाच फरक. हायवेवर तासन्‌तास वरच्या आरपीएमला गाडी चालली की ज्या कॉइलींवर तेल पोहोचत नाही त्यांचं वार्निश आधी करपतं.

सिरीज रेग्युलेटर उलट वागतो. गरज भागली की तो तारा शॉर्ट न करता सर्किट उघडतो. कॉइलीत करंटच वाहत नाही, मग तापणार काय? जुन्या गाडीवर करण्यासारख्या सुधारणांमध्ये मला ही सगळ्यात मोलाची वाटते, चकचकीत दिव्यांपेक्षा कितीतरी. मात्र उघड्या सर्किटला वरच्या आरपीएमवर स्टेटरच्या तारांत व्होल्टेज चांगलंच चढतं, म्हणून करपलेल्या किंवा ठिसूळ झालेल्या इन्सुलेशनवर हा रेग्युलेटर लावू नये. इथे स्टेटर नवा होता.

वितळलेला कपलर कापून टाकला. पिवळ्या तारा पाणी न शिरणाऱ्या जाड पिनांच्या कपलरमध्ये नीट क्रिम्प करून घेतल्या. नुसत्या सोल्डरवर मी विसंबत नाही. थरथरीने तार सोल्डरच्या कडेलाच तुटते. रेग्युलेटरपासून बॅटरीपर्यंत चार स्क्वेअर मिलिमीटरच्या दोन नव्या तारा थेट ओढल्या. पॉझिटिव्हमध्ये ३० अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीजवळ, कारण वाटेत तार घासून बॉडीला लागली तर आग बॅटरीच्या ताकदीवर लागते. निगेटिव्ह चेसीला न देता सरळ बॅटरीला. नवा सिरीज रेग्युलेटर सीटखाली कोंडून न ठेवता पुढून वारा लागेल अशा जागी बसवला. या कामाला सगळ्यात जास्त वेळ ब्रॅकेटने खाल्ला.

पुन्हा मोजमाप. बॅटरीवर १४.२, वायरिंगमधली घट दोन्ही बाजू मिळून ०.१. क्लॅम्प मीटर पिवळ्या तारेवर: ९. दिवा बंद केल्यावर ७. काकांनी टाळीच वाजवली. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे १९ चे ९ झाल्यावर कॉइलींतली उष्णता पावपटीच्याही खाली आली. गाडी बंद असताना बॅटरीतून किती गळती होते तेही पाहिलं, कारण रेग्युलेटर आता कायम बॅटरीला जोडलेला होता: एक मिलिअँपिअरच्या आत.

काकांना लगेच दोन हॅलोजन फॉगलॅम्प लावायचे होते. मी थांबवलं. स्टेटर पूर्वीइतकीच वीज बनवतो, रेग्युलेटर बदलल्याने वॅट वाढत नाहीत. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे आणखी ८ अँपिअर, आणि आयडलिंगला एवढं येणार कुठून? एलईडी फॉगलॅम्पवर समझोता झाला.

पुढे ते आपल्या मित्राला घेऊन आले. तीच बॅटरीची तक्रार, तशीच जुनी गाडी, आणि "माझ्यासारखा रेग्युलेटर हिलाही लाव" हा आग्रह. त्या गाडीत परमनंट मॅग्नेट नव्हतं. फील्ड कॉइलचा, म्हणजे करंट दिला तरच चुंबक बनणाऱ्या कॉइलीचा, अल्टरनेटर होता. तिथे रेग्युलेटर फील्डचा करंट कमी-जास्त करून वीज आवरतो, सिरीज युनिटचं तिथे कामच नाही. त्या कॉइलीला करंट पोहोचवणारे ब्रश मी काढून दाखवले, दोन्ही झिजून खुणेच्या खाली गेले होते. नवे ब्रश घातले, ब्रश ज्यांवर घासतात त्या स्लिपरिंग साफ केल्या आणि बॅटरीवर १४.४ आले.