व्हिक्सबर्ग: वॉलपेपरवर छापलेला अंक

न्यू ऑर्लिन्सचे तीन दिवस भटकण्यात गेले, मग मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनहून तासाभरात व्हिक्सबर्ग. अमेरिकन यादवी युद्धाच्या रणभूमीवरच्या तोफा आणि स्मारकं अर्धा दिवस घेतात. पण मी अडकले गावातल्या एका दुकानात. काचेच्या चौकटीत इथलं जुनं वृत्तपत्र 'द डेली सिटिझन', २ जुलै १८६३, खाली चिठ्ठी: 'अस्सल'. भाव डोळे फिरवणारा. अंक मात्र नक्कल होता, आणि त्याचा मला अजूनही राग येतो.

मे ते जुलै १८६३ असा ४७ दिवस दक्षिणेच्या ताब्यातल्या या शहराला उत्तरेच्या, म्हणजे युनियनच्या, जनरल ग्रँटच्या फौजेचा वेढा होता. छपाईचा कागद संपला, तेव्हा संपादक जे. एम. स्वॉर्ड्स यांनी वॉलपेपर कापून त्याच्या कोऱ्या पाठीवर अंक काढले: जूनच्या १६, १८, २०, २७, ३० तारखांना आणि २ जुलैला. एका बाजूला नक्षी, दुसरीकडे चार रकाने. २ जुलैच्या अंकात टोमणा होता की ग्रँट शनिवारी, ४ तारखेला, व्हिक्सबर्गात जेवायला येणार म्हणे. ससा शिजवायचा तर आधी तो पकडावा लागतो.

४ जुलैला शहर पडलं. स्वॉर्ड्स पळाले, पण छपाईसाठी जुळवलेले अक्षरांचे खिळे जागेवरच राहिले. युनियनच्या सैनिकांनी ते मोडले नाहीत. शेवटच्या रकान्यातला दोन-तृतीयांश मजकूर काढून तिथे तयार पडलेली दुसरी जुळणी बसवली आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात टीप घातली: ग्रँटनं ससा पकडला, तो जेवलाही, आणि जेवण स्वतःच घेऊन आला, या पत्रानं चालवलेली खेचराच्या मांसाची स्तुती आता पुरे, हा अंक पुढे दुर्मीळ वस्तू म्हणून मोलाचा ठरेल. एकाच पानात हरलेल्यांचा टोमणा आणि जिंकलेल्यांचं उत्तर! मला हे पान प्रिय आहे ते यासाठी.

त्या शेवटच्या वाक्यानंच नकला वाढवल्या. तीसहून जास्त पुनर्मुद्रणं निघाली. वॉलपेपर आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, नकलाही वॉलपेपरवर छापल्या गेल्या. टेप जवळ ठेवा आणि कागद नव्हे, छापील भाग मोजा (कडा कापलेल्या असू शकतात): रुंदी सुमारे २३.२ सेंटिमीटर, लांबी ४२.९. पहिल्या रकान्याच्या पहिल्या ओळीतलं नाव सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत हवं. दुकानातल्या प्रतीत पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान. तिथेच निकाल लागला. दुसऱ्या ओळीत स्वॉर्ड्स यांच्या नावापुढे स्वल्पविराम आणि मग सहा टिंबं मोजा.

उलट, छपाईची चूक दिसली म्हणून प्रत टाकून देऊ नका. सुरुवातीच्या काही प्रती निघाल्यावर पत्राच्या नावातली चूक तेवढी दुरुस्त झाली, छपाईच्या बाकी चुका तशाच राहिल्या. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या मूळ प्रतींवरून कळतं की 'सिटिझन' हे नाव आधी CTIIZEN असं चुकलं होतं: 'टी' आधी, मग दोन 'आय'.

चौकटीतून काढून मागची बाजू दाखवायला दुकानदार तयार नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.