पंधरा माणसांची कंपनी आणि सिस्टिम्स इंजिनिअरिंग

"आम्ही पंधराच जण, उत्पादनही एकच. सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा एवढा व्याप आम्हाला झेपेल का?" छोट्या कंपन्यांतली माणसं मला हे नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: सगळा व्याप झेपणार नाही, आणि झेपवायची गरजही नाही.

सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणजे वेगवेगळ्यांनी बनवलेले भाग एकत्र नीट चालावेत म्हणून सगळ्या उत्पादनाचा एकत्र विचार करायची पद्धत. ती टेलिफोनची जाळी, क्षेपणास्त्रं, अंतराळयानं अशा कामांत वाढली. तिथे हजारो माणसं एकमेकांना न भेटताच काम करत, त्यामुळे बोलणं व्हायचं ते कागदावरूनच. तिच्यासाठीच्या आयएसओ 15288 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2015च्या आवृत्तीत 30 प्रक्रिया आहेत. पंधरा जणांनी त्या सगळ्या पाळायच्या ठरवल्या, तर उत्पादन कोण बनवणार?

पण छोट्या जागेत सगळं बोलून होतं, हा समजही मला महागात पडला आहे. आम्ही एक मोजमापाचं उपकरण बनवत होतो. हार्डवेअरवाल्याने जुना सेन्सर मिळेना म्हणून नवा बसवला. नव्याला वीज मिळाल्यावर स्थिर व्हायला दोन सेकंद लागत, आणि फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतला प्रोग्राम, अर्ध्या सेकंदातच पहिलं वाचन घेई. आमच्या टेबलावर बोर्ड दिवसभर चालूच असायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ग्राहकाकडे मात्र रोज सकाळचं पहिलं वाचन चुकायचं. हार्डवेअरवाला आणि फर्मवेअरवाला शेजारीशेजारी बसत. दोघांचंही आपापलं काम बरोबर होतं. चूक सांध्यात होती, म्हणजे दोन कामं जिथे जुळतात तिथे. 1999 साली मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळावरचं यान हातचं गेलं तेही सांध्यातच: थ्रस्टरच्या (यानाच्या छोट्या इंजिनांच्या) आवेगाचे आकडे एका बाजूने पौंड-सेकंदांत दिले, दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद धरले.

म्हणून मी सुरुवात नेहमी इंटरफेसपासून, म्हणजे या सांध्यांपासून करतो. मोठ्या कागदावर चौकटी आखायच्या, उत्पादनाचे भाग कर्णावर लिहायचे आणि उरलेल्या प्रत्येक चौकटीत कोण कुणाला काय देतं ते भरायचं. याला एन-स्क्वेअर तक्ता म्हणतात. आठ भाग असतील तर 56 चौकटी होतात, त्यातल्या बऱ्याच रिकाम्या राहतात. जी भरते तिच्यात एकक, वेळ, मर्यादा आणि बदल झाला तर कुणाला सांगायचं, एवढं हवं. मात्र चौकट भरताना दोन्ही बाजूंची माणसं समोर हवीतच. एकट्याने बसून भरलेला तक्ता मी मोजतच नाही, कारण खरं काम त्या दोघांच्या वादात होतं.

दुसरी गोष्ट रिक्वायरमेंट्सची, म्हणजे उत्पादनाने काय करायला हवं त्या अटींची. कंत्राटी कामात ग्राहक जाडजूड दस्तऐवज हातात देतो. बाजारासाठी बनवणाऱ्याला तो कुणी देत नाही. विक्रीवाला फोनवरून एक वाक्य सांगतो, महिन्याने दुसरं. म्हणून वीस-तीस वाक्यंच लिहा, पण प्रत्येकापुढे ते का हवं आणि कसं तपासणार हे असू द्या. "लवकर सुरू व्हावं" हे तपासता येत नाही. "वीज दिल्यापासून 3 सेकंदांत पहिलं बरोबर वाचन" हे येतं. त्यातही 'का' कधी गाळू नका. वर्षभराने अट सैल करायची वेळ येते, तेव्हा तेवढंच उपयोगी पडतं.

महागडी साधनं, औपचारिक रिव्ह्यू, वेगळा विभाग हे सगळं तूर्त सोडा. 25 माणसांपर्यंतच्या संस्थांसाठी आयएसओ 29110 ही मालिका आहे आणि तिच्यात 2014 पासून सिस्टिम्स इंजिनिअरिंगची मार्गदर्शिकाही आहे; ती चाळा. पण उत्पादनाने कुणाच्या जिवाला धोका होऊ शकत असेल, तर जोखमीच्या विश्लेषणात काटछाट करू नका.

आणि तक्ता सांभाळायला एक माणूस नेमा. मी तक्ता बहुधा टेस्टिंगवाल्याकडे देतो, कारण दोन्ही बाजू जोडलेल्या सर्वांत आधी त्याच्याच टेबलावर येतात. आमच्या त्या उपकरणाच्या तक्त्यात सेन्सर आणि फर्मवेअरच्या चौकटीत "वीज दिल्यावर 2 सेकंद थांबणे" ही ओळ त्यानेच घातली, आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या.