चिलटांवरच का, हे तुम्ही विचारलेत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, एकदा तर बँकेच्या रांगेतही मला विचारण्यात आले आहे, की केळ्यांवरच्या चिलटांच्या जनुकांमध्ये मुद्दाम बिघाड करून नेमके काय साधते. माझे ठरलेले उत्तर असते, की माणसाच्या रोगांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांचे भाईबंद या माशीत सापडतात आणि २५ अंशांवर तिची नवी पिढी १० दिवसांत हाती येते. हे खरे आहे, पण ते अनुदानाच्या अर्जातले उत्तर आहे.

खरे कारण असे, की जनुकाचे काम बहुधा ते बिघडल्यावरच दिसते. १९१० मध्ये अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचा नर मिळाला, म्हणून डोळ्यांना लाली देणाऱ्या जनुकाचे नाव 'व्हाइट' पडले. आमच्याकडे बारसे बिघाडावरून होते.

या तर्कानेच मला फसवले. पीएचडीच्या काळात रसायनाने बिघडवलेल्या एका जनुकाच्या माश्या मी सांभाळत होते. बाटली आपटली की निरोगी माशी सरसर काचेवर चढते, माझ्या मात्र तळाशी रेंगाळत. अडीच वर्षे मी हेच मोजले आणि जनुकाचे काम चालण्याशी जोडले. मग त्यांच्यात निरोगी जनुक परत घातले, तरी त्या चढल्या नाहीत. आधी मी मक्याच्या पिठाला दोष दिला, मग बंद पडलेल्या एसीला. शेवटी, ज्या माशीच्या गुणसूत्रात माझे जनुक असलेला तुकडाच नाही तिच्याशी संकर केला. त्या संततीत माझ्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि दुसरी मुळातच नसलेली; दोष त्याचा असता तर तीही रेंगाळायला हवी होती. ती सरसर चढली. खोट त्याच गुणसूत्रावर दुसरीकडेच होती, आणि माझा बिघाड हरवू नये म्हणून वापरलेल्या बॅलन्सरने, म्हणजे कुरळ्या पंखांवरून ओळखू येणाऱ्या, मुद्दाम उलटसुलट केलेल्या जोडीच्या गुणसूत्राने, गुणसूत्रांमधल्या तुकड्यांची अदलाबदल रोखून तीही इमानाने जपली होती.

आधी काही पिढ्या निरोगी माश्यांशी संकर करून घेतला असता तर हे टळले असते, असे मी त्या वेळच्या मला सुनावते. ती म्हणते, फरक इतका स्वच्छ दिसत असताना कोण थांबले असते? तिला उत्तर मला देता येत नाही. कदाचित म्हणूनच तुमचा प्रश्न झोंबतो.

ती दुसरी खोट कोणत्या जनुकातली, हे अजून कळलेले नाही. त्या माश्यांचा स्टॉक १८ अंशांवर ठेवलेला आहे आणि महिन्यातून एकदा मी त्याचे अन्न बदलते.