चुंबळ

या वर्षी आजीची तुळस माझ्या डोक्यावर होती. पितळी वृंदावन, ओल्या मातीसकट साडेचार किलो. भवानी पेठेतून पहाटे निघताना ओझं वाटत नाही, हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणीकडे वळते तोवरही नाही. वडकीचा विसावा संपतो, घाट लागतो आणि मानेच्या मुळाशी पहिली कळ येते. आजी सांगायची की ती कळ तुळशीची नसते, ओझ्याखाली डोक्यावर ठेवतात त्या कापडी चुंबळीची असते.

चुंबळ जुन्या सुती लुगड्याचीच हवी. सिंथेटिक साडीची केली तर केसांवरून घसरते, घामाने भिजल्यावर तर जास्तच. वीतभर रुंद, चार हात लांब पट्टी ओली करून घट्ट पिळायची, पीळ न सोडता चार बोटांभोवती गुंडाळत न्यायची आणि शेवटचं टोक मधल्या भोकातून काढून कडेखाली खोवायचं. भोक मोठं राहिलं की वृंदावनाचं बूड आत शिरून टाळूला टेकतं. पीळ सैल राहिला तर चुंबळ तासाभरात एका अंगाला चपटी होते. मग डोकं नकळत कलतं, आणि कललेल्या मानेने दिवेघाट चढला की रात्री कूस बदलता येत नाही.

हे वृंदावन पुरातून वाचलेलं. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं तेव्हा आजीचं बिऱ्हाड शनिवार पेठेत, नदीच्या बाजूला होतं. दोन लहान मुलांना घेऊन ती निघाली ती अंगावरच्या लुगड्यानिशी. पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळात हात घालून जे सापडलं त्यात हे होतं, तुळशीविना. मग नाना पेठेत एक खोली घेतली आणि एका खाणावळीच्या पोळ्या धरल्या. रोज दोनशे. किलोला तीस या हिशेबाने सात किलो कणीक ती पहाटे चारला मळायची, एकटी. कणीक तीन वेळा मळायची, एकदम नाही, कारण शेवटच्या गोळ्यापर्यंत ती सैल पडते आणि पोळी पोळपाटाला चिकटते. तेहतीस वर्षं हे चाललं. म्हणून तिची वारी एका टप्प्याची होती, पुणे ते सासवड. रात्रीच्या एसटीने परत, पहाटे पुन्हा कणीक.

पुणे सोडायच्या दिवशी बहुतेक एकादशी असते. दिंडीतल्या दीडशे माणसांचा त्या दुपारचा फराळ आजीकडे. साबुदाणा ती देत नसे. चालणाऱ्याला तो जड पडतो, तहान वाढवतो आणि चढावर पित्त करतो. त्याऐवजी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. दहा किलो वरी, पाच किलो दाणे. रात्री एकला सुरुवात. वरी आधी कोरडी भाजायची, मग उकळतं आधण ओतायचं, गार पाणी घातलं की गोळे होतात. घरी वाटीला अडीच वाट्या पाणी पुरतं, पण हे दुपारी वडकीला खायचं, तोवर घट्ट होऊन सुरीने कापावं लागेल, म्हणून तीन वाट्या. आमटीला आमसूल शेवटी. २०२० आणि २०२१ ला पादुका एसटीने पंढरीला गेल्या, दिंडी नव्हती. आजीने तरीही रात्री उठून वरी शिजवली आणि मजल्यावरच्या सगळ्या दारांत डबे ठेवले.

ती या माघात गेली, ९२ व्या वर्षी.

घाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात तेव्हा सगळा डोंगर गजर करतो आणि अंगावर काटा येतो, दर वेळी. पण यंदा अर्ध्या चढावर स्वागताच्या मांडवातला कर्णा इतका मोठा होता की आमचा मृदंग आम्हालाच ऐकू येईना. याचा राग येतोच. चढावर पाऊल मृदंगावर पडत असतं. ठेका गेला की पावलं लांब पडतात, श्वास तुटतो. त्यात फोटोसाठी रांगेत घुसणारी माणसं. दिंडी तुटली, टाळकरी पुढे, तुळशीवाल्या मागे, विणेकरी मधे एकटे.

पायाला फोड तिथेच आला. अंगठ्यामागच्या उंचवट्यावर, रुपयाएवढा. टँकरखाली चप्पल भिजली होती आणि ओल्या चामड्यात पाय चार कोस घासला. आजीचा नियम ठरलेला: कातडी सोलायची नाही. सुई ज्योतीवर लाल करायची, निवू द्यायची, फोडाला कडेने टोचायचं, पाणी दाबून काढायचं, वर स्वच्छ कोरडी पट्टी. कोकमतेल फक्त टाचेच्या भेगांना. फोडावर लावलं की कातडी मऊ पडून निघते.

कठड्याला टेकून हे करताना तुळस मांडीवर आणि चुंबळ बाजूला होती. परभणीकडच्या दिंडीतल्या एक बाई थांबल्या. सत्तरीच्या असतील, पाय अनवाणी. चुंबळ उचलून त्यांनी दाबून पाहिली.

"पीळ उलटा बसलाय माय. उजव्या हातानं घातलास ना?"

"हो. आजी डावखुरी होती. ती घालायची तसाच घालते."

"मग तिचं डाव्या अंगानं बसायचं. तुझं कसं बसंल?"

त्यांनी चुंबळ पूर्ण सोडली. आजीच्या लुगड्याची पट्टी, विटकी हिरवी, काठाला अजून पोळ्यांच्या तेलाचा काळसर डाग. ती त्यांनी बाटलीतल्या पाण्यात भिजवली, एक टोक मला धरायला दिलं आणि दुसरीकडून पीळ भरत आल्या, दोरी वळतात तशा. पट्टी झिजून आखूड झाली होती. त्यांनी कनवटीचा रुमाल काढून शेवटच्या वेढ्यात गुंफला. तुळस दोन्ही हातांनी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली, वाकून माझ्या पायाला हात लावला. मीही वाकले असते, तुळशीमुळे वाकता येईना. "माऊली," एवढंच म्हणाल्या आणि त्यांच्या झेंड्यामागे गेल्या.

मान सरळ राहिली. सासवडला पोचलो, समाजआरती झाली.

राहुटीत चुंबळ सोडून दोरीवर वाळत घातली. आजीची हिरवी पट्टी आणि तो लाल ठिपक्यांचा रुमाल. दोन रात्री मुक्काम आहे, तोवर फोड बसेल. तुळशीला सकाळी दोन पळ्या पाणी, जास्त नाही. माती जड होते.