ओठाचं ऑपरेशन आणि अपघाताचा कागद

ऑपरेशन सोपं गेलं. जीव खाल्ला तो कागदांनी.

स्कूटरवरून पडले तेव्हा वरचा ओठ डावीकडे फाटला होता. टाके घातले, जखम भरली, पण तिथे खड्डा राहिला आणि चहा गळायला लागला. व्रण मऊ होईपर्यंत वर्षभर थांबा, असं प्लास्टिक सर्जन म्हणाले. नंतर त्यांनी अंगठा-करंगळी जुळवून मनगट वाकवायला सांगितलं. तेव्हा मनगटाच्या मधोमध दोरीसारखी उठते ती पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूची कंडरा (टेंडन). ती काढून ओठातला खड्डा भरता येतो. माझ्या हाताला ती नाहीच! काहींना जन्मतःच नसते म्हणे. मग पोटाची चरबी ठरली.

आता विमा. टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) डेस्कवरच्या मुलीने मान वर न करता "कॉस्मेटिक आहे, बसत नाही" म्हणून टाकलं. पॉलिसीतलं ते कलम शेवटपर्यंत वाचा. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना असेल तर ते लागू होत नाही. मी तिथेच मोठ्याने वाचून दाखवलं. "मग अपघाताचा पुरावा आणा."

अपघात गावाकडचा, त्यामुळे कागद तिथल्या सरकारी रुग्णालयात. रेकॉर्ड रूमचे भाऊसाहेब म्हणाले, एमएलसीचे (म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या केसचे) कागद पोलिसांनाच देतो, त्यांचं पत्र आणा. ठाण्यातले हवालदार म्हणाले, पेशंट तुम्ही, दवाखान्यातून घ्या, आम्ही कशाला पत्र देऊ? परत गेले तर भाऊसाहेब जेवायला. नंतर किल्ली असलेला माणूस रजेवर. नंतर "मॅडम, रजिस्टर सापडत नाही". ते रजिस्टर त्यांच्याच टेबलावर होतं, वर पाण्याची बाटली ठेवलेली. सासूबाई घरी विचारत होत्या, "एवढ्याशा ओठासाठी कशाला गं?" त्यांच्या तोंडून चहा गळत नव्हता.

शेवटी तोंडी बोलणं बंद केलं. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने अर्ज लिहिला: मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे असतात. आवक विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. शिक्का पडल्यावर भाऊसाहेबांचा आवाजच बदलला, "ताई, बसा ना." डिस्चार्ज कार्ड आणि एमएलसी नंबरची साक्षांकित प्रत मिळाली. जुनं प्रकरण असेल तर उशीर करू नका, दाखल पेशंटचे कागद तीन वर्षंच जपायचं बंधन आहे.

कॅशलेस मंजूर झालं. बेंबीजवळ बारीक छिद्र पाडून सिरिंजने चरबी ओढली आणि यंत्रात फिरवली. वर तेल, खाली रक्ताळलेलं पाणी, मधला पिवळा थर कामाचा. तो बोथट नळीने थोडा थोडा ओठात सोडला. ओठ आधी इतका सुजला की मी पेज चमच्याने प्यायले. स्ट्रॉ लावायची नाही.

हो, आधीच सांगायला हवं होतं: ओठावर वरचेवर ताप मुतत असेल, म्हणजे पाण्याचे बारीक फोड येत असतील, तर डॉक्टरांना सांगा, ते ऑपरेशनआधी गोळ्या देतात. तंबाखू, सिगारेट बंदच. आणि ऑपरेशनपूर्वीचे फोटो समोरून, बाजूने काढून ठेवा, विमा कंपनी मागते.

भरलेली सगळी चरबी टिकत नाही. जिला रक्तपुरवठा मिळतो ती जगते, बाकीची अंगात जिरते. माझीही थोडी जिरली, त्यामुळे दुसरी फेरी आहे. टीपीएच्या डेस्कवर आता नवा मुलगा बसतो. त्यानेही विचारलं, "कॉस्मेटिक ना?" शिक्क्याची प्रत पर्समध्येच होती.