बर्फ-पाण्याचं एक गणित आणि माझे तीन दिवस

अकरावीला साताऱ्यात क्लास लावला होता. उष्णतेचा चॅप्टर आता मला व्यवस्थित येतो, पण त्यातल्या एका गणितानं माझे तीन दिवस खाल्ले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय. कुणीतरी तिथंच अडकलं असेल तर त्याचा वेळ वाचेल.

नुसती तापमान वाढवायची गणितं पटकन जमली, वाफेचीही जमली. गाडी अडली ती इथं: उणे १० अंशाचा १०० ग्रॅम बर्फ ५० अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यात टाकला, तर शेवटी तापमान किती?

क्लासमध्ये एकच पद्धत दिलेली, पाण्यानं दिलेली उष्णता बरोबर बर्फानं घेतलेली उष्णता. तसं मांडलं. एक ग्रॅम बर्फ एक अंशानं तापायला ०.५ कॅलरी लागते (पाण्याला १), आणि एक ग्रॅम बर्फ वितळायला ८०. म्हणजे बर्फ शून्यावर यायला १०० × ०.५ × १० म्हणजे ५०० कॅलरी, वितळायला १०० × ८० म्हणजे ८०००, मग ते वितळलेलं पाणी क्ष अंशापर्यंत तापणार. दुसऱ्या बाजूला १०० × (५० − क्ष). उत्तर आलं उणे १७.५.

आता सांगा, बर्फ उणे १० चा, त्यात ऊन पाणी ओतलं आणि सगळं मिळून उणे साडेसतरा? पाच वेळा परत केलं, दर वेळी तेच. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं तर वही न बघताच म्हणाले, आकडेमोड चुकली असणार, परत कर. आकडेमोड बरोबर होती हो! तिसऱ्या दिवशी परत गेलो तर म्हणाले पर्यायात शून्य आहे ना, मग शून्य टिक कर आणि पुढं जा. शून्य का, ते कुणीच सांगेना, आणि ते कळल्याशिवाय पुढचं गणित मला सोडवताच येईना.

त्या रात्री समीकरण बाजूला ठेवलं आणि साधा जमाखर्च मांडला. पाणी शून्यापर्यंत गार झालं तर देऊन देऊन किती देणार? १०० × ५०, म्हणजे ५००० कॅलरी. बर्फ पूर्ण वितळायला हव्यात ८५००. पाण्याकडं तेवढी उष्णताच नाही! सगळा बर्फ वितळणार हे मी समीकरण लिहितानाच धरून बसलो होतो, चूक ती होती. ५००० मधल्या ५०० बर्फ शून्यावर आणण्यात जातात, उरलेल्या ४५०० भागिले ८० म्हणजे ५६.२५ ग्रॅम बर्फ वितळतो, ४३.७५ ग्रॅम तसाच राहतो, आणि बर्फ-पाणी दोन्ही शिल्लक म्हणून तापमान शून्य. हे समजलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि झोप पार उडाली होती.

तर आधी जमाखर्च, मग समीकरण. आणि वितळताना किंवा उकळताना तापमानाचा फरक कुठंही गुणायचा नाही, तिथं फक्त वस्तुमान गुणिले अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता एक ग्रॅम वितळायला किंवा वाफ व्हायला लागणारी उष्णता: बर्फ वितळायला ८० कॅलरी, पाण्याची वाफ व्हायला ५४०.

वाफेचा हा ५४० चा आकडा डोक्यात पक्का बसला तो मात्र मामाच्या गुऱ्हाळावर, कराडजवळ. मी म्हटलं, मामा, उकळी आली, आता लवकर होईल. मामा म्हणाले, "उकळी फुटली म्हंजी काय झालं, खरा जाळ हितनं पुढं लागतोय." घरी येऊन हिशोब केला. पाणी ३० वरून १०० अंशावर न्यायला ग्रॅममागं ७० कॅलरी आणि त्याची वाफ करायला ५४०, म्हणजे जवळजवळ आठपट. उसाचा रस म्हणजे नुसतं पाणी नव्हे, घट्ट होईल तसं त्याचं तापमान शंभराच्या वर चढत जातं, पण चुलवाणात एवढी चिपाडं कशाला लागतात ते त्या आकड्यानं कळलं.

एक सांगायचं राहिलं, युनिट. ज्यूलमध्ये करायचं तर ८० च्या जागी ३३४, ५४० च्या जागी २२६०, पाण्याला ४.१८, बर्फाला २.१, सगळं एकदमच बदलायचं. एक जरी आकडा कॅलरीतला राहिला तर गणित गेलं.

आणि सराव करायचा असेल तर वरच्याच गणितात ५० च्या जागी ९० टाका. मग पाण्याकडं ९००० असतात, ८५०० जाऊन ५०० उरतात, त्या २०० ग्रॅमला वाटल्या की उत्तर अडीच अंश. हे मी सरांना न विचारता सोडवलं.